हॉलच्या भिंतीतून स्पीकरची वायर: पाइप पुरा, वायर नको

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात कोलशेत रोडला बारा वर्षं जुन्या टॉवरमध्ये रिसेलचा २ बीएचके घेतला आहे. हॉल ११ बाय १७ फूट, लांब भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा. एका टोकाला बाल्कनीचं सरकतं दार, दुसऱ्या टोकाला पॅसेज. आत्ता ५.१ (पुढे तीन स्पीकर, मागे दोन ‘सराउंड’ आणि बाससाठी एक सबवूफर) लावायचं, पुढेमागे छतात दोन स्पीकर. रिनोव्हेशन लवकरच सुरू होणार आहे आणि वायर कुठेही दिसायला नको. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, लाइटच्या पाइपमधूनच ओढून देतो, नाहीतर सरळ प्लास्टरमध्ये दाबून टाकू. वायर किती जाडीची घ्यायची, कुठून न्यायची आणि कॉन्ट्रॅक्टरचं ऐकायचं का?

कॉन्ट्रॅक्टरच्या दोन्ही पर्यायांना नाही म्हणा. भिंतीत पाइप पुरायचा, वायर नाही, आणि तो पाइप लाइटच्या पाइपपासून वेगळा. वायर सगळ्यात शेवटी ओढायची. उद्या ती खराब झाली किंवा जाड हवी झाली, तर जुनीच्या शेपटीला नवी बांधून ओढून घेता येते, भिंत फोडावी लागत नाही.

लाइटच्या पाइपचं आधी बोलू. स्पीकरच्या वायरचं आवरण २३० व्होल्टच्या तारांच्या सोबतीला राहायचं म्हणून बनवलेलं नसतं. चार-पाच तारा एकत्र ओढताना बेंडवर ते सोललं जातं आणि तिथे फेज टेकला, की ॲम्प्लिफायरच्या मागचे उघडे स्क्रू आणि स्पीकरचे टर्मिनल यांत करंट येतो. दुसरा धोका काही वर्षांनी येतो. नवा वायरमन बोर्ड उघडतो, त्याला मोकळी लाल-काळी जोडी दिसते आणि तो ती पॉइंटला जोडून मोकळा होतो. ‘हम (गुणगुण) येईल म्हणून वेगळं ठेवा’ असं सगळे सांगतात, पण ते कारण दुय्यम आहे. स्पीकरची लाइन कमी इम्पिडन्सची, म्हणजे करंटला कमी अडथळा असलेली असते, तिच्यात गुणगुण सहसा शिरत नाही. सबवूफरच्या सिग्नल वायरीत मात्र शिरते, त्याबद्दल पुढे.

प्लास्टरमध्ये थेट दाबलेली वायर सुरुवातीला चालते, म्हणून कॉन्ट्रॅक्टरना ती चालेल असं वाटतं. पण ओल्या सिमेंटचा क्षार, पावसाळ्यातली भिंतीची ओल आणि आपल्याकडची खाडीकाठची दमट हवा या तिन्हींत पारदर्शक आवरणाची वायर टिकत नाही. आतलं तांबं आधी तपकिरी होतं, मग हिरवं. त्याहून वाईट म्हणजे फोटो फ्रेमचा एक खिळा त्या वायरीत गेला, की दुरुस्तीला वाव उरत नाही.

आता मुख्य गोष्ट. भिंत कशाची आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळा बेत त्यावर ठरतो. नौपाडा, वाशी, नेरूळच्या जुन्या इमारतींत बहुधा विटांच्या भिंती मिळतात, आतल्या पार्टिशनला साधारण ४ इंचाच्या. नंतरच्या टॉवरमध्ये आरसीसीचा सांगाडा आणि मध्ये सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक. आणि घोडबंदर रोड, कोलशेत, खारघरकडच्या बऱ्याच नव्या टॉवरमध्ये मायवान, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकत्र ओतलेलं काँक्रीट. बारा वर्षांची इमारत म्हणजे ब्लॉक असू शकतात किंवा मायवानही. मेन बंद करून हॉलमधल्या एका स्विचबोर्डची प्लेट उघडा आणि बॉक्सच्या कडेला टॉर्च मारून पाहा. लाल दिसलं तर वीट. पांढुरकं, स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं की भुगा पडणारं असेल तर सिपोरेक्स. बॉक्सला चिकटून सलग राखाडी आणि खरवडून काहीच निघत नसेल तर काँक्रीट. खात्रीसाठी, जिथे नंतर टीव्हीचं पॅनल येऊन भोक झाकलं जाणार आहे तिथे, हॅमर बंद ठेवून ६ मिमीचं बिट चालवा. काँक्रीटमध्ये प्लास्टर संपलं की बिट तिथेच अडतं. ही परीक्षा दोन-तीन जागी घ्या, कारण ब्लॉकच्या इमारतीतही हॉलच्या भिंतीत कॉलम लपलेला असतो.

मायवान निघालं तर भिंतीला झिरी मारायचा, म्हणजे पाइपसाठी खाच कापायचा, विचार सोडून द्या. ती भिंत स्वतः इमारतीचं वजन पेलते आणि पृष्ठभागापासून थोड्याच आत सळई असते. झिरी मारली की सळईवरचं काँक्रीटचं कव्हर जातं, दमट हवा आत पोचते, सळई गंजून फुगते आणि उरलेलं काँक्रीटही फुटतं. कॉलम आणि बीमलाही हेच लागू, मग इमारत कुठलीही असो. ‘वरवरची झिरी मारतो साहेब’ याला अर्थ नाही. वरवरच्या झिरीत पाइप मावत नाही, आणि मावेल एवढी झिरी वरवरची राहत नाही. ज्यांना नुकतंच पझेशन मिळालं आहे त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ५ वर्षं बिल्डरवर असते, आणि तुम्हीच काँक्रीट कापलेलं असलं की ती झटकायला त्याला आयतं कारण मिळतं. नौपाड्यात अजून काही इमारती लोड-बेअरिंग भिंतींवर उभ्या आहेत. तिथे जाड भिंतीलाही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये. सोसायटीच्या परवानगीच्या अर्जात नुसतं ‘इलेक्ट्रिकल काम’ लिहू नका. कुठल्या भिंतीला किती लांब झिरी मारणार हे लिहा, म्हणजे मध्येच काम थांबत नाही.

स्पीकरच्या जागा पाइपच्या आधी ठरवा. सोफा भिंतीला टेकलेला म्हणजे सराउंडची पंचाईत, असं समजतात. तुमच्या हॉलमध्ये तसं नाही. बसल्यावर डोकं मागच्या भिंतीपासून साधारण अर्धा मीटर पुढे येतं. मागच्याच भिंतीवर, सोफ्याच्या मध्यापासून दोन्हीकडे १.४ ते २ मीटरवर स्पीकर लावले तर समोरच्या दिशेपासून कोन १०४ ते ११० अंश भरतो. ५.१ च्या सराउंडला ११० च्या आसपासचाच कोन हवा असतो. तीन सीटचा सोफा साधारण २.१ मीटर लांब असतो, म्हणजे स्पीकर त्याच्या टोकांच्या बाहेर पडतात आणि कोणाच्या कानापाशी येत नाहीत. उंची जमिनीपासून १.५ मीटर, तोंड थोडं आत वळवलेलं. बाल्कनी आणि पॅसेज टोकांना असल्यामुळे बाजूची भिंत शोधायची गरजच पडत नाही. पुढचे दोन स्पीकर एकमेकांपासून २.१ ते ३ मीटरवर ठेवा. कान टीव्हीच्या पडद्यापासून सुमारे २.६ मीटरवर आहेत, त्याला हे अंतर बरोबर बसतं. छतातले दोन स्पीकर डोक्याच्या अगदी वर लावू नका, डोक्यापासून ४०-४५ सेंमी पुढे, पुढच्या स्पीकरच्या रेषेत लावा. ७.१ च्या फंदात पडू नका. मागे भिंत टेकलेली असताना आणखी दोन स्पीकरना जागाच नाही. त्या पैशात छतातले दोन येतात आणि फरकही जास्त जाणवतो.

मार्ग वरून न्या. टीव्ही युनिटमधून सरळ वर फॉल्स सीलिंगमध्ये, तिथून सोफ्याकडच्या भिंतीला, आणि तिथे सरळ खाली. आडवी झिरी शक्यतो मारूच नका. चालत आलेला ठोकताळा असा की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशपर्यंत आणि आडवी एक षष्ठांशपर्यंतच चालते. ४ इंचाच्या विटेच्या भिंतीत उभ्या झिरीला ३३ मिमी मिळतात. २५ मिमीच्या पाइपला प्लास्टर धरून ३५ ते ४० मिमी खोली लागते, त्यातले १२-१५ मिमी प्लास्टरचे. म्हणजे विटेत २५ मिमीच जातात आणि काम आटोक्यात राहतं. आडवीला मात्र जेमतेम १७ मिमी मिळतात, त्यात हा पाइप मर्यादेत बसत नाही. शिवाय आडवी झिरी पुढे भिंतीत कुठून कुठे गेली हे कोणाच्या लक्षात राहत नाही आणि पडद्याचा ब्रॅकेट नेमका तिच्यावर येतो. उभी झिरी निदान बॉक्सच्या सरळ वर असते, त्यामुळे ओळखता येते.

मायवान असेल तर टीव्हीकडे अडचण नाही. प्लायच्या पॅनलमागे सुताराची एक इंचाची फ्रेम असतेच, तिच्यातून पाइप वर चढतो. सुताराला आधीच सांगा, आडव्या पट्टीला पाइपच्या जागी खाच ठेवायची. मागच्या भिंतीवर तीन मार्ग आहेत. पहिला, सोफ्यामागे लाकडी पॅनल करणार असाल तर त्यामागून. दुसरा, बाल्कनीच्या बाजूचा स्पीकर पडद्याच्या घडीआडून खाली आणायचा. तिथे भिंतीच्या रंगात रंगवलेली पीव्हीसीची बारीक केसिंग-कॅपिंग पट्टी दिसतही नाही. तिसरा, दोन्ही सराउंड थोडे वर, २ मीटरच्या आसपास, खाली झुकवून लावायचे आणि वायर सीलिंगच्या कडेतून थेट मागे उतरवायची. आवाजाला पहिला मार्ग सगळ्यात चांगला, पण तिसराही वाईट नाही. फक्त मग छतातल्या स्पीकरचा परिणाम थोडा फिका पडतो, कारण दोन्ही आवाज वरूनच येतात.

फरशी बदलणार असलात तर कॉन्ट्रॅक्टर खालून पाइप न्यायचं सुचवेल. अंतर वाचतं हे खरं, पण फरशीखालच्या पाइपात पाणी साचतं आणि एकदा साचलं की निघत नाही. सोफ्याच्या कोपऱ्यातल्या सबवूफरसाठी दुसरा मार्गच नसेल तर हेवी ग्रेडचा पाइप टाका, मध्ये जोड न ठेवता. एरवी खालचा मार्ग टाळा.

पाइप २५ मिमी, मीडियम ग्रेडचा, आयएसआय मार्कचा घ्या. २० मिमीचा स्वस्त पडतो, पण त्यातून एक वायर गेली की दुसरीला जागा नाही. २५ मधून गोल आवरणाच्या अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिमी तांब्याच्या) दोन वायरी सुखाने जातात. तिसरी जाते असं वायरमन म्हणेल, पण ती ताणून न्यावी लागते. दोन बॉक्सच्या मध्ये काटकोनाचे दोनच बेंड, तेही लांब वळणाचे. पाइप वाकवायची स्प्रिंग असेल तर उत्तम. टोकदार एल्बो कुठेच नको, वायर तिथेच अडकते. तुमच्या मार्गात टीव्हीवरून वर गेल्यावर एक वळण, सीलिंगमध्ये बाजूला एक, मागे वळताना एक आणि खाली उतरताना एक अशी चार होतात. म्हणून सीलिंगमध्ये एक जंक्शन बॉक्स टाका आणि तो एखाद्या डाउनलाइटच्या भोकातून हात पोचेल अशा जागी ठेवा. बॉक्स फक्त ओढायला आहे, वायरीला जोड द्यायला नाही. स्पीकरची वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग असली पाहिजे.

पॉवरच्या पाइपला समांतर जाताना किमान ६ इंच अंतर ठेवा, एक फूट मिळालं तर चांगलंच, आणि ओलांडायचंच तर काटकोनात ओलांडा. सीलिंगमध्ये पाइप स्लॅबला सॅडलने (पाइप धरणाऱ्या पट्टीने) दर २ फुटांवर पकडा. जिप्समच्या चॅनलवर नुसता टाकलेला पाइप बास वाजला की खडखडतो आणि तो आवाज कुठून येतो हे शोधायला सीलिंग फोडावं लागतं. स्प्रिंकलरच्या पाइपला काहीही बांधू नका.

झिरी मारताना आधी कटरने ३० ते ३५ मिमी अंतरावर दोन समांतर रेघा मारायच्या आणि मधला भाग छन्नीने काढायचा. सरळ छन्नी-हातोडा चालवला तर ४ इंचाच्या भिंतीत पलीकडच्या खोलीचं प्लास्टर सुटतं. सिपोरेक्सला तर हातोडा नकोच, ब्लॉक तडकतो; कटर आणि हाताचं खरवडणं एवढ्यात काम होतं. जुन्या स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली झिरी घेऊ नका, तिथे जुना पाइप असतो. भिंतीपलीकडे बाथरूम किंवा किचन असेल तर पाण्याच्या लाइनी कुठे आहेत ते आधी विचारून घ्या.

पाइप बसवून हुकाने पकडला, की दोन्ही तोंडं टेपने बंद करा. हे सगळ्यात क्षुल्लक काम आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. गवंड्याचा माल उघड्या तोंडातून आत गेला, की पाइप कायमचा गेला. मग झिरीत नीट पाणी मारायचं, कोरड्या झिरीत माल धरत नाही, आणि एकास तीन किंवा एकास चार सिमेंट-वाळूने भरायचं. वर ६ इंच रुंदीची चिकन मेश (तारेची जाळी) झिरीच्या दोन्ही कडांवर येईल अशी ठोकून मग फिनिश. सिपोरेक्सला मेश नसेल तर रंगानंतर झिरीच्या रेषेत केसासारखी चीर हमखास उमटते. आठवडाभर पाणी मारा. पावसाळ्यात काम असेल तर त्यानंतर भिंत वाळायला बराच जास्त वेळ द्या, घाईने मारलेली पुट्टी फुगते. पश्चिमेच्या, पाऊस झोडपणाऱ्या बाहेरच्या भिंतीत हा पाइप टाकूच नका.

आता वायर. दुकानात गेज विचारू नका, ‘किती स्क्वेअर एमएम’ असं विचारा. गेजच्या दोन पद्धती आहेत आणि त्यांचे आकडे जुळत नाहीत: अमेरिकन १४ गेज म्हणजे २.०८ चौ. मिमी, आणि ब्रिटिश मोजणीत तेवढीच जाडी १६ गेज म्हणून येते. साधा हिशेब असा की जाऊन-येऊन वायरीचा रोध स्पीकरच्या इम्पिडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. दीड एमएमच्या मल्टिस्ट्रँड तांब्याचा रोध किलोमीटरला १३.३ ओहम, अडीचचा सुमारे ८ ओहम. त्यावरून दीड एमएम ८ ओहमच्या स्पीकरला १५ मीटरपर्यंत, ६ ओहमला ११ मीटरपर्यंत आणि ४ ओहमला साडेसात मीटरपर्यंत पुरते. अडीच एमएम ८ ओहमला २५, ६ ओहमला साधारण १९ आणि ४ ओहमला साडेबारा मीटर. तुमची सगळ्यात लांब लाइन ११ मीटरची आहे, म्हणजे दीडने काम भागतं, पण ६ ओहमला ते अगदी काठावर. सगळीकडे अडीच टाका, प्रश्न मिटला. चार एमएम हॉलसाठी उधळपट्टी आहे आणि काही ॲम्प्लिफायरच्या टर्मिनलमध्ये ती धड शिरतही नाही.

जाडीपेक्षा धातूकडे लक्ष द्या. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर सर्रास विकली जाते आणि तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. एक तार ब्लेडने खरवडा. बाहेर लाल आणि आत पांढरी असेल तर मुलामा. उलट, बाहेर पांढरी आणि आत लाल असेल तर ते कथिलाचा थर दिलेलं तांबं, आणि आपल्या हवेत ते साध्या तांब्यापेक्षाही चांगलं, कारण हिरवं पडत नाही. दुसरी परीक्षा वजनाची. दोन कोर, अडीच एमएम, १०० मीटरच्या बंडलात नुसतं तांबंच साडेचार किलोच्या जवळ भरतं, आवरण वेगळं. बंडल एका हाताने सहज झेलता आलं तर परत द्या. मुंबईत लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर घेणार असाल तर दुकानातच हे करून बघा, तिथे कोणाला नवल वाटत नाही.

‘स्पीकर वायर’ म्हणून विकली जाणारीच घ्यायला हवी असं नाही. घराच्या वायरिंगची अडीच एमएमची एफआर किंवा एफआरएलएस (सहज पेट न घेणाऱ्या आवरणाची) तार, दोन एकत्र पीळ देऊन ओढली, तर आवाजात काही फरक पडत नाही आणि आगीच्या दृष्टीने आवरण जास्त भरवशाचं. अट एकच: लाल, पिवळा, निळा, काळा, हिरवा हे रंग घेऊ नका. पांढरी आणि करडी घ्या, आणि दोन्ही टोकांना ‘स्पीकर’ लिहिलेली पट्टी लावा.

तुमच्या हॉलचं माप धरून लांबी अशी येते. सराउंड प्रत्येकी ११ मीटर: युनिटमधून वर २.३, बाजूला १.७, आडवं ३.३५, खाली सव्वा, बाकी टोकांची शिल्लक आणि वळणं. छतातले प्रत्येकी साडेआठ, पुढचे दोन प्रत्येकी ४, सेंटर २. बेरीज ४९ मीटर, ६० घ्या. पाइप साधारण ४० ते ४५ मीटर लागेल. ३ मीटरच्या १६ नळ्या, दर २ फुटांना एक या हिशेबाने सॅडल, १० लांब बेंड, ४ मोड्युलर बॉक्स आणि १ जंक्शन बॉक्स एवढ्यात भागतं. छतातले स्पीकर आत्ता घेणार नसलात तरी त्यांची वायर आत्ताच टाका, सीलिंग बंद झाल्यावर ते काम दहापट महाग होतं.

सबवूफरला स्पीकरची वायर लागत नाही, त्याला सिग्नलची वायर आणि स्वतःचा पॉवर पॉइंट लागतो. जागा असेल तर तो टीव्हीकडेच ठेवा, तीन मीटरची तयार केबल पुरते. पर्याय म्हणून सोफ्याच्या एका कोपऱ्यापर्यंत वेगळा २५ मिमीचा पाइप, त्यात आरजी६ कोॲक्स (टीव्हीच्या केबलसारखी गोल वायर) आणि शेजारी ६ अँपिअरचं सॉकेट. ही केबल मात्र पॉवरच्या पाइपपासून नक्की लांब ठेवा, गुणगुण शिरते ती इथूनच. ॲम्प्लिफायर, टीव्ही आणि सबवूफर तिघांनाही एकाच सर्किटवरून वीज द्या. तरीही हम आला तर सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स काढून पाहा. बाहेरून येणाऱ्या केबलचं अर्थिंग आणि घरचं अर्थिंग यांच्यातल्या फरकामुळे तो बऱ्याचदा येतो.

टीव्हीच्या मागून युनिटपर्यंत ५० मिमीचा सरळ पाइप टाका, पण ४ इंचाच्या भिंतीच्या झिरीत तो मर्यादेत बसत नाही, म्हणून पॅनलमागची फ्रेम तेवढी खोल करून तिच्यातून. एचडीएमआयचं तोंड २० मिमीच्या आसपास रुंद असतं, २५ च्या पाइपात एका बेंडला अडकतं. पुढे प्रोजेक्टरचा विचार असेल तर सीलिंगपर्यंतही ४० मिमीचा रिकामा पाइप सोडून ठेवा. लांब अंतरावर साधी एचडीएमआय ४के ला दगा देते, तिथे ऑप्टिकल लागते आणि तिला दिशा असते. ओढण्याआधी बाण बघा.

‘वायरलेस घ्या, एवढं कशाला’ असंही कोणी सुचवेल. बहुतेक वायरलेस रिअर स्पीकरना विजेचा पॉइंट लागतोच, म्हणजे वायर चुकत नाही, फक्त ती २३० व्होल्टची होते. तरी सोफ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सॉकेट काढून ठेवा, दिव्याला आणि मोबाइलला उपयोगी पडतं.

वायर ओढायची ती प्लास्टर वाळल्यावर, सीलिंगची फ्रेम उभी असताना आणि जिप्समचे बोर्ड लागण्याआधी. वायरमनची स्टीलची स्प्रिंग आधी रिकामी घालून बघा. टॅल्कम पावडर लावली तर वायर सरकते, तेल किंवा ग्रीस लावू नका, आवरण मऊ पडतं. ॲम्प्लिफायरकडे दीड मीटर आणि स्पीकरकडे एक फूट शिल्लक ठेवा. वायरीसोबत एक नायलॉनची दोरीही आत सोडा. छतातल्या स्पीकरच्या जागी एक मीटरचं वेटोळं स्लॅबला बांधून ठेवा आणि दोन भिंतींपासूनची मापं लिहून घ्या. तिथे आत १०० ते १२० मिमी मोकळी खोली हवी आणि भोकाच्या मध्ये चॅनल यायला नको. फ्रेम करणाऱ्याला हे खडूने स्लॅबवर काढून दाखवा, तोंडी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी दुसरा कारागीर येतो तेव्हा उरत नाही. बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि सीलिंगचा मापाची टेप लावून फोटो घ्या.

तपासणी दोनदा करा: वायर ओढल्यावर आणि बोर्ड लागल्यानंतर, कारण जिप्समचा स्क्रू वायरीत जाणं नेहमीचं आहे. लांबचं टोक उघडं ठेवून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावा, सर्किट उघडं दिसलं पाहिजे. प्रत्येक तार आणि अर्थ यांच्यातही तेच. मग लांबच्या टोकाला दोन्ही तारा पिळून एकत्र करा आणि पुन्हा मोजा. अडीच एमएमच्या ११ मीटरला सुमारे ०.१८ ओहम यायला हवं. स्वस्त मीटरच्या प्रोबचाच रोध ०.२ ते ०.५ असतो, तो आधी प्रोब एकमेकांना टेकवून बघा आणि वजा करा. एक-दीड ओहम आला तर कुठेतरी लपवलेला खराब जोड आहे. या वेळी ॲम्प्लिफायर जोडलेला नसावा.

रंग पूर्ण झाल्यावरच छताची भोकं कापा आणि स्पीकर आणा, पुट्टी घासल्याची धूळ स्पीकरच्या कोनमध्ये (हलणाऱ्या शंकूत) गेली की निघत नाही. जोडल्यावर पोलॅरिटी (प्लस-मायनस जुळतात का) बघायला ॲम्प्लिफायरकडच्या टोकाला, ॲम्प्लिफायरपासून वायर सोडवून, पेन्सिल सेलचा प्लस प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवा. वूफरचा कोन बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर त्या टोकाच्या तारा उलट आहेत. जाळी काढून एकाने बघायचं आणि दुसऱ्याने सेल टेकवायचा. एक स्पीकर उलटा राहिला तर आवाज येतो, पण बास विरून जातो, आणि लोक मग महिनाभर ॲम्प्लिफायरच्या सेटिंगशी झटत बसतात.